प्रयोगशाळेबाहेर बोलताना: आपलं संशोधन लोकांना सांगू पाहणाऱ्या नव्या संशोधकांसाठी

मी जिवाणूंच्या बुळबुळीत थरांवर काम करते. शास्त्रीय नाव बायोफिल्म. पाण्याच्या टाकीला आतून हात लावला की जो बुळबुळीतपणा लागतो तो, दातांवर ज्याचं पुढे कीटण होतं तो, आणि रुग्णाच्या शरीरात घातलेल्या नळीवर चढून पुन्हा पुन्हा ताप आणतो तोही. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी एका ग्रंथालयात मला या विषयावर बोलायला बोलावलं. चाळीस मिनिटं आणि अडतीस स्लाइड. लोक शांत बसून होते, मला वाटलं रंगलंय. शेवटी एका आजींनी विचारलं, “अगं, पण तो थर घासून जातो का, की त्याला औषध लागतं?”

माझा अख्खा प्रबंध याच प्रश्नाभोवती होता आणि चाळीस मिनिटांत मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पेशींमधले संकेत, जनुकांची अभिव्यक्ती, सूक्ष्मदर्शकाचा प्रकार, सगळं सांगून झालं होतं. त्यानंतर शाळांमध्ये, परिचारिकांच्या प्रशिक्षणात, प्लंबरच्या मेळाव्यात, रेडिओवर बोलले. एकदा वर्तमानपत्रात माझ्या कामाबद्दल चुकीची बातमीही आली, आणि तिचा त्रास माझ्यापेक्षा एका रुग्णाच्या घरच्यांना जास्त झाला. ते पुढे सांगतेच. हे सगळं मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून क्रमानं लिहिते आहे.

आधी हाताशी काय हवं

- मार्गदर्शकांची आणि सहलेखकांची लेखी संमती. ईमेल पुरेसा असतो, पण तोंडी ‘हो’वर थांबू नका.
- शोधनिबंध कुठल्या टप्प्यावर आहे याची नोंद: पाठवलाय, समीक्षेत आहे, स्वीकारलाय की छापून आलाय. जर्नलनं ठरावीक तारखेपर्यंत बातमी रोखून ठेवायला सांगितली असेल तर ती तारीख.
- अनुदानाच्या अटींचा कागद. ऋणनिर्देश कसा करायचा हे त्यात असतं, कधीकधी साध्या भाषेतला सारांशही मागितलेला असतो.
- माणसांवर किंवा त्यांच्या नमुन्यांवर काम असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि सहभागी व्यक्तींचं संमतीपत्र. फोटो दाखवायला त्यांनी हो म्हटलंय का, हे मूळ कागदावर पाहा.
- स्लाइडवरच्या प्रत्येक चित्राच्या वापराची परवानगी. आपल्याच शोधनिबंधातल्या आकृतीचा हक्कही बऱ्याचदा प्रकाशकाकडे गेलेला असतो.
- एक वही, फोनमधलं ध्वनिमुद्रण आणि तुमच्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेला एक माणूस, जो तुमचं ऐकून घ्यायला तयार आहे. यातलं शेवटचं मिळवणं सगळ्यांत कठीण.

## १. पेटंटचा प्रश्न सगळ्यांत आधी मिटवा

हे कंटाळवाणं आहे, पण याची चूक नंतर दुरुस्त होत नाही. तुमच्या कामातून पेटंट निघण्याची पुसटशी जरी शक्यता असली, तरी अर्ज दाखल होईपर्यंत बाहेर बोलू नका. शोध आधीच जाहीर झाला असेल तर तो ‘नवा’ राहत नाही असं बहुतेक देशांचे कायदे मानतात. काही देश थोड्या मुदतीची सवलत देतात, सगळे देत नाहीत. जाहीर करणं म्हणजे फक्त शोधनिबंध नव्हे. शाळेतलं भाषण, भिंतीवर लावलेलं पोस्टर, समाजमाध्यमावर टाकलेला उपकरणाचा फोटो, सगळं त्यात मोडू शकतं. विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा विभागाला एक ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.

## २. समोर कोण आहे ते ठरवा

‘सर्वसामान्य जनता’ नावाचं कुणी सभागृहात येऊन बसत नाही. येतात नववीतली मुलं, निवृत्त शिक्षक, मधुमेह असलेले गृहस्थ, रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका. तयारीला बसण्याआधी वहीत एका माणसाचं वर्णन लिहा: वय काय, दिवसभर काय करतो, तुमच्या विषयाशी त्याचा संबंध कुठे येतो, कशाची भीती वाटते. मग त्या एकाच माणसासाठी बोला. इतरांना ते आपोआप कळतं.

इथे नव्या संशोधकांचा एक मोठा गैरसमज असतो, माझाही होता. लोकांना माहिती कमी आहे, ती आपण ओतली की त्यांना पटेल, असं आपण धरून चालतो. विज्ञान-संवादाचा अभ्यास करणारे याला ‘उणिवेचं प्रारूप’ म्हणतात आणि ते का फसतं याचं एक उदाहरण मी कधी विसरत नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाल्यावर किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर इंग्लंडच्या वायव्येकडच्या डोंगराळ कुरणांवर उतरलं. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि तज्ज्ञांनी सांगितलं की तीन आठवड्यांत सगळं ठीक होईल. त्यांचा अंदाज चिकणमातीच्या जमिनीवरून केलेला होता. तिथे सीझियम मातीला धरून बसतं. डोंगरावरची जमीन आम्लयुक्त आणि कुजलेल्या वनस्पतींनी भरलेली. तिच्यात ते मोकळं राहिलं आणि गवतातून पुन्हा पुन्हा मेंढ्यांच्या पोटात जात राहिलं. आपली कुरणं, आपल्या मेंढ्या कशा चरतात, हे मेंढपाळांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. काही ठिकाणचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडलं. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी त्या मेंढपाळांशी बोलून जे मांडलं, ते आजही या क्षेत्रात पहिल्यांदा वाचायला देतात. तज्ज्ञांवरचा विश्वास उडाला तो मेंढपाळांचं अज्ञान होतं म्हणून नाही. त्यांच्या ज्ञानाला कुणी किंमत दिली नाही, म्हणून उडाला.

मला हाच धडा प्लंबरांकडून मिळाला. नळातल्या थराबद्दल मी बोलत होते, तेवढ्यात एकजण म्हणाले, “मॅडम, जी लाइन वापरात नसते, पाणी नुसतं उभं असतं, तिथंच हे जास्त धरतं.” साचलेल्या पाण्याच्या बंद फाट्यांबद्दल संशोधनात बरंच लिहिलं गेलंय. मी ते माझ्या भाषणात घेतलंच नव्हतं. तेव्हापासून पहिली पाच मिनिटं मी बोलत नाही, विचारते. तुम्ही हा थर कुठे पाहिलाय? त्याचं काय करता?

## ३. एक वाक्य लिहा, मग बाकीचं

माणूस घरी गेल्यावर कुणीतरी विचारेल, “कशावर होतं भाषण?” तो जे एक वाक्य सांगेल ते तुम्ही आधीच लिहून ठेवा. विषय नको, विधान हवं. ‘बायोफिल्ममधील प्रतिजैविक-सहनशीलता’ हा विषय झाला. ‘एकटा जिवाणू औषधानं मरतो, पण तोच चिकट थरात शिरला की तेवढ्याच औषधाला दाद देत नाही, म्हणून आधी थर मोडावा लागतो’ हे विधान. यात त्या आजींचं उत्तरही आलं.

हे वाक्य सुचायला मला दोन आठवडे लागले. घाई करू नका. तीन मिनिटांत आणि एकाच स्थिर स्लाइडवर प्रबंध सांगायची एक स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये सुरू केली. आज ती अनेक देशांत होते. तुमच्याकडे होत नसली तरी घरी घड्याळ लावून तेवढ्यात सांगून पाहा. तीन मिनिटांत बसत नसेल, तर वाक्य अजून तयार झालेलं नाही.

मग स्लाइडवर जे जे आहे त्यापुढे स्वतःला विचारा: हे काढलं तर ते वाक्य पडतं का? पडत नसेल तर काढा. अडतीसपैकी माझ्याकडे नऊ उरल्या. काढताना जीव तुटतो, कारण एकेका आलेखामागे कित्येक महिने गेलेले असतात.

## ४. शब्दांची झडती घ्या

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या.

आपल्याला आपलं बोलणं सोपं का वाटतं, याचा एक सुरेख प्रयोग एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० मध्ये पीएच.डी.साठी केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुमचा विषय तुमच्या डोक्यात सुरांसकट वाजतोय, हे प्रत्येक वाक्य लिहिताना आठवा.

अनोळखी शब्दांचं तेवढं भय नाही. ते ऐकणाऱ्याला कळत नाहीत आणि कळत नाहीत हे त्यालाही कळतं, तो विचारतो. धोका ओळखीच्या शब्दांचा आहे, जे तुम्ही एका अर्थानं बोलता आणि तो दुसऱ्याच अर्थानं घेतो. माझ्या वहीतले काही:

- लक्षणीय. आपण म्हणतो तेव्हा अर्थ असतो, ‘हा फरक निव्वळ योगायोगानं पडण्याची शक्यता कमी आहे’. ऐकणाऱ्याला ऐकू येतं ‘खूप मोठा’. फरक चिमूटभर असूनही संख्याशास्त्राच्या दृष्टीनं लक्षणीय असू शकतो.
- सिद्धांत, थिअरी. आपल्यासाठी पुराव्यांवर उभी असलेली इमारत. बाहेर ‘ही नुसती थिअरी झाली’ म्हणजे कुणाच्या तरी मनातली कल्पना.
- पॉझिटिव्ह. चाचणी पॉझिटिव्ह येणं ही रुग्णासाठी सहसा वाईट बातमी असते. ‘आढळलं’ किंवा ‘आढळलं नाही’ म्हणा.
- सेंद्रिय. रसायनशास्त्रात कार्बनची संयुगं. त्या हिशेबानं पेट्रोलही सेंद्रिय. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र रासायनिक खतांशिवायची शेती.
- त्रुटी, एरर. आपण मोजमापातल्या अनिश्चिततेबद्दल बोलतो, लोकांना वाटतं काहीतरी चुकलंय आणि हे कबूल करतायत.
- प्रतिकार. हा माझ्या विषयातला सगळ्यांत घातक शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये १२ देशांतल्या सुमारे १०,००० लोकांना प्रतिजैविकांबद्दल, म्हणजे अँटिबायोटिक औषधांबद्दल, विचारलं. ७६ टक्के लोकांची समजूत होती की प्रतिजैविकांना प्रतिकार माणसाचं शरीर करू लागतं. प्रत्यक्षात औषधाला दाद देईनासे होतात ते जिवाणू. तो जिवाणू अशा माणसालाही गाठू शकतो ज्यानं औषध कधी घेतलेलंच नाही. म्हणून मी आता नुसतं ‘प्रतिकार’ कधीच म्हणत नाही. दरवेळी ‘जिवाणू औषधाला दाद देत नाहीत’ असं कर्त्यासकट पूर्ण वाक्य बोलते.

एका शब्दानं किती लांब नेता येतं पाहा. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कियापरेल्ली यांनी १८७७ मध्ये मंगळावर दिसलेल्या रेषांना ‘कानाली’ म्हटलं. त्या शब्दाचा अर्थ नैसर्गिक वाहिन्या असाही होतो. इंग्रजीत तो ‘कालवे’ झाला. कालवे म्हटले की ते खोदणारा कुणीतरी हवाच. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लोवेल यांनी तर मंगळावरच्या बुद्धिमान रहिवाशांच्या शोधात आयुष्याची कित्येक वर्षं दिली. आपण जेव्हा इंग्रजी शोधनिबंधातून मराठीत येतो तेव्हा असा कालवा दर परिच्छेदाला खणला जाण्याची भीती असते. मराठी पारिभाषिक शब्द वापरला म्हणजे सोपं झालं, हाही भ्रमच. ‘प्रतिजैविक-सहनशीलता’ ऐकून आजींना काही कळणार नव्हतं.

सगळ्या संज्ञा हद्दपार करा, असं मात्र मी म्हणणार नाही. एखादी संज्ञा जरूर द्या. लोकांना नवं नाव शिकायला आवडतं आणि त्या नावानं ते पुढे शोधू शकतात. फक्त क्रम पाळा: आधी वस्तू, मग नाव. आधी टाकीला हात लावायला सांगा, बुळबुळीत लागतं म्हणा, आणि मग सांगा की याला बायोफिल्म म्हणतात.

## ५. उपमा द्या आणि ती कुठे तुटते तेही सांगा

बायोफिल्मला ‘जिवाणूंचं शहर’ म्हणायची पद्धत आहे. मीही म्हणायचे. एका मुलीनं विचारलं, “मग त्यांचा महापौर कोण?” प्रश्न अगदी बरोबर होता. शहर म्हटलं की नियोजन आलं, कुणाची तरी इच्छा आली. जिवाणूंना काही ‘हवं’ नसतं. ते रसायनं सोडतात, आसपास ती रसायनं पुरेशी साठली की त्यांचं वागणं बदलतं. आता मी उपमा देते आणि लगेच पुढचं वाक्य जोडते: ‘शहरासारखं, पण इथे ठरवणारं कुणी नाही.’

त्याहून चांगलं, उपमेऐवजी खरी वस्तूच समोर ठेवता येते का पाहा. ब्रिटिश वैज्ञानिक मायकल फॅरेडे यांनी मुलांपुढे एक मेणबत्ती पेटवून तिच्याच आधारानं ज्वलन, हवा, पाणी, श्वास इथपर्यंतची अख्खी व्याख्यानमाला गुंफली होती. आणि जे डोळ्यांना दिसणारच नाही त्याचं काय? गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या तरंगांचा, पहिला संकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपला गेला तेव्हा त्या टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पट लहान होता. असा आकडा कुणाच्याच मनात उतरत नाही. पण त्या लहरीची वारंवारता माणसाच्या कानाच्या टप्प्यातली निघाली, म्हणून वैज्ञानिकांनी ती आवाजात बदलून ऐकवली. वर चढत गेलेला एक छोटासा चिवचिवाट. जगभर लोकांच्या लक्षात राहिला तो तोच.

## ६. आकडे मोजून द्या

टक्केवारी एकटी कधीच सोडू नका. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं इशारा दिला की विशिष्ट प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ. भयंकर वाटतं. प्रत्यक्षात आधी ७,००० स्त्रियांमागे एकीला गुठळी होत होती, नव्या गोळ्यांनी दोघींना. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या थांबवल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आणि गुठळीचा धोका गर्भारपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. समितीचं विधान खोटं नव्हतं. ते अर्धं होतं.

म्हणून ‘दुप्पट’, ‘३० टक्क्यांनी कमी’ असं काही तोंडात आलं की थांबा आणि पूर्ण वाक्य सांगा: किती माणसांमागे किती, आधी किती आणि आता किती, किती काळात. तुलना करताना दोन्हीकडे खालचा आकडा तोच ठेवा. ‘हजारात तीन’ आणि ‘सातशेत दोन’ यांतलं जास्त कुठलं, हे ऐकता ऐकता कुणालाच कळत नाही.

लहान-मोठ्या मापांसाठी एकच तुलना पुरे. ‘एका मिलिमीटरमध्ये साधारण हजार जिवाणू रांगेत उभे राहतील’ एवढं सांगितलं की पुढे मायक्रॉन हा शब्द लागत नाही.

## ७. खात्री किती आहे ते सांगा

तुमच्याकडच्या विधानांच्या तीन वेगळ्या याद्या करा. अनेक प्रयोगशाळांनी तपासलेलं आणि टिकलेलं. फक्त तुमच्या गटाला आढळलेलं. आणि तुमचा अंदाज. बोलताना प्रत्येक विधान कुठल्या यादीतलं आहे हे वाक्यातच सांगा: ‘हे आता पक्कं आहे’, ‘हे आम्हाला दिसलंय, इतरांनी अजून तपासायचंय’, ‘हा माझा कयास आहे’. तीन छोटी वाक्यं, पण तुमच्यावरचा विश्वास यांच्यावर टिकतो.

खात्री नसताना धीर देणं फार महागात पडतं. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ मध्ये महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमारास एका अधिकाऱ्यानं दूरचित्रवाणीवर सांगितलं की छोट्या धक्क्यांमधून ऊर्जा मोकळी होते आहे, म्हणजे परिस्थिती अनुकूलच आहे. ६ एप्रिलला मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. सहा वैज्ञानिक आणि तो अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा सुनावली गेली. २०१४ मध्ये अपिलात वैज्ञानिक निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण टिकली. भूकंपाची वेळ सांगता येत नाही यात कुणाचा दोष नाही. ‘सांगता येत नाही’ हे लोकांपर्यंत पोचलं नाही, पोचला तो दिलासा.

उलट उदाहरणही आहे. न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशाहून ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसतायत, असं ऑपेरा नावाच्या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगाच्या गटानं सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केलं. तेव्हाच ते म्हणाले की आम्हाला चूक सापडत नाहीये, इतरांनी तपासावं. पुढच्या वर्षी नीट न बसलेली एक प्रकाशतंतूची केबल सापडली. गटावर टीका झाली, पण त्यांनी खोटी खात्री दिली नव्हती.

## ८. प्रसिद्धिपत्रक स्वतः वाचल्याशिवाय जाऊ देऊ नका

आता ती बातमी. आम्हाला एका संयुगानं बशीत वाढवलेला थर सैल होताना दिसला होता. बशीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या काचेच्या तबकडीत. प्राणी नाही, माणूस नाही. आमच्यासाठी जे प्रसिद्धिपत्रक तयार झालं त्यात ‘रुग्णांसाठी आशेचा किरण’ होता आणि बशीचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात. मी घाईत होते, वरवर वाचून हो म्हटलं. बातमीचा मथळा आला की संसर्गावर औषध सापडलं. चार दिवसांनी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या पत्नीच्या कृत्रिम गुडघ्याला असाच संसर्ग झाला होता, औषध कुठे मिळेल विचारत होते. असं औषध अजून नाही, हे सांगताना माझा आवाज निघत नव्हता.

मला वाटत होतं, पत्रकारांनी वाढवून लिहिलं. तसं नव्हतं. ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. ४० टक्के पत्रकांत शोधनिबंधात होता त्याहून ठाम आरोग्यसल्ला होता. ३३ टक्क्यांत नुसत्या संबंधाला कारण-परिणाम म्हटलं होतं. ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचे किंवा पेशींवरचे निष्कर्ष माणसाला लावले होते. पत्रकात अशी माणसाबद्दलची अतिशयोक्ती असेल तेव्हा ८६ टक्के बातम्यांत ती उतरली. नसेल तेव्हा फक्त १० टक्क्यांत. म्हणजे फुगवटा बहुतांशी आपल्याच दारातून बाहेर पडतो, आणि दार आपल्याला बंद करता येतं.

आता माझे नियम असे आहेत:

- प्रयोग कशावर केला (बशी, उंदीर, माणूस, संगणक) हे पहिल्या परिच्छेदात. शक्यतो मथळ्यातच.
- ‘या अभ्यासावरून काय म्हणता येत नाही’ असं एक वाक्य माझ्या नावानं, अवतरणात. पत्रकार अवतरणं सहसा कापत नाहीत.
- ‘क्रांतिकारी’, ‘पहिल्यांदाच’, ‘चमत्कार’ हे शब्द खोडायचे. ‘पहिल्यांदाच’ खरं असेल तर आधी शोधून खात्री करायची.
- उपयोग किती वर्षांवर आहे असं विचारलं तर मधले टप्पे सांगायचे, वर्षं नाही.

मुलाखतीबद्दल थोडंसं. पत्रकाराला आधी विचारा की बातमी कधी जायची आहे, किती शब्दांची आहे. छापण्याआधी अख्खी बातमी दाखवा असा आग्रह धरू नका, बहुतेक ठिकाणी ते त्यांच्या शिस्तीत बसत नाही. पण ‘माझी अवतरणं आणि आकडे एकदा फोनवर वाचून दाखवाल का?’ असं विचारलं तर बरेच जण आनंदानं दाखवतात. मुलाखत संपल्यावर, वही मिटल्यावर, दारात उभं राहून जे बोलता तेही मुलाखतीतच असतं.

## ९. रंगीत तालीम, विषयाबाहेरच्या माणसासमोर

प्रयोगशाळेतल्या मित्रांसमोर केलेली तालीम फारशी कामाची नाही, त्यांच्या डोक्यात तेच सूर वाजत असतात. तो विषयाबाहेरचा माणूस समोर बसवा. ध्वनिमुद्रण करा. संपल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका, कुणीही हो म्हणतं. ‘मी काय म्हणाले ते तू मला सांग’ असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. जिथे तो अडखळतो, तिथे तुमचं भाषण अडखळलंय.

## १०. प्रश्नांसाठी निम्मा वेळ

बोलण्याइतकाच वेळ प्रश्नांना ठेवा. प्रश्न पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणा, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जातो आणि तुम्हाला नीट समजलाय का हेही कळतं.

‘माहीत नाही’ म्हणायला घाबरू नका. पण तिथेच थांबू नका. ‘मला माहीत नाही’, ‘अजून कुणालाच माहीत नाही’ आणि ‘हे माझ्या विषयाबाहेरचं आहे’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत, त्यांतलं खरं असेल ते द्या. कुणी स्वतःच्या आजाराबद्दल सल्ला मागितला आणि तुम्ही त्याचे डॉक्टर नसाल, तर देऊ नका. हे कठोर वाटतं, पण समोरच्याचे कागद तुम्ही पाहिलेले नसतात.

कुणी रागानं विचारलं तर आधी रागाचं कारण शोधा. प्रतिजैविकांवरच्या एका भाषणात एक बाई तावातावानं बोलत होत्या की तुम्ही लोक औषध कंपन्यांसाठी काम करता. मी अनुदान कुठून येतं ते नावासकट सांगितलं. मग कळलं की त्यांच्या वडिलांना पाच वेगवेगळी औषधं देऊनही संसर्ग हटला नव्हता आणि का हटत नाही ते त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. त्यांचा प्रश्न म्हणजे माझाच विषय होता. अनुदानाचं आता मी कुणी विचारायच्या आधीच पहिल्या स्लाइडवर लिहिते.

## ११. घरी आल्यावर

त्याच रात्री वहीत विचारले गेलेले सगळे प्रश्न लिहून काढा, विचारणाऱ्याच्या शब्दांत. स्वतःच्या शब्दांत लिहिलेत तर ते लगेच तुमचे प्रश्न होतात आणि उपयोग संपतो. चुकीचं काही बोलला असाल तर आयोजकांना कळवा, दुरुस्ती पाठवायला सांगा. बातमीत चूक असेल तर संपादकांना त्याच दिवशी लिहा: कुठलं वाक्य, त्यात काय चुकलं, बरोबर काय. तक्रारीचा सूर नको, थेट दुरुस्त वाक्य द्या, म्हणजे त्यांना ते उचलून छापता येतं.

तारीख, ठिकाण, श्रोत्यांची संख्या आणि आयोजकांचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा. अनुदानाच्या अहवालात हे विचारतात आणि वर्षानंतर काही आठवत नाही.

माझ्या वहीत आज दोनशेच्या वर प्रश्न आहेत. घासून जातो की औषध लागतं, हा त्यातला पहिला. आता त्याचं उत्तर मी सुरुवातीलाच देते: दात असोत की टाकी, जिथे हात किंवा ब्रश पोचतो तिथे आधी घासायचं, कारण थर जागेवर असताना औषध खालच्या जिवाणूंपर्यंत नीट पोचत नाही आणि पोचलं तरी त्यांतले बरेच तग धरतात. शरीरातल्या नळीला घासता येत नाही, आणि माझं काम तिथून सुरू होतं.